बिनवाळूच्या मत्स्यटाकीत पाणवनस्पतींची लागवड

शोभिवंत मासे पाळण्याची हौस एके काळी मोठ्या शहरांपुरती मर्यादित होती. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेआड विहरणारे मासे पाहण्याची संधी सर्वसामान्य माणसास मिळाली. आता तालुक्याच्या गावीही शोभेचे मासे व काचेच्या टाक्या विकत मिळतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या आवारात शोभिवंत मासे वाढविण्याच्या घटकाचा समावेश करण्यात आला. त्यामुळे या व्यवसायाकडे शेतीचा जोडधंदा म्हणून पाहण्याची दृष्टी वाढीस लागली आहे.

तथापि या कामास उत्साहाने आरंभ करणाऱ्या पुष्कळ कुटुंबांस पहिल्या महिन्यातच अपयश येते. टाकी आणली जाते, तिच्या तळाशी रंगीत खडे पसरले जातात, प्लॅस्टिकची झाडे रोवली जातात आणि त्याच दिवशी मासे सोडले जातात. आठ-पंधरा दिवसांत पाणी गढूळ होते व मासे एकामागून एक दगावतात. दोष माशांच्या जातीस अथवा दुकानदारास दिला जातो. वस्तुतः दोषाचे मूळ पुष्कळदा टाकीच्या तळाशीच असते. न खाल्लेले खाद्य व माशांची विष्ठा खड्यांच्या फटींत साचते, ती डोळ्यांस दिसत नाही आणि तेथेच कुजून पाणी विषारी करते.

यावर सोपा उपाय म्हणजे टाकीचा तळ मोकळा ठेवणे. मात्र मोकळ्या तळाच्या टाकीत वनस्पती लावता येत नाहीत, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. ज्यांना मातीची गरजच नाही अशा वनस्पती निवडल्यास तळ स्वच्छ राहतो, टाकीस शोभा येते आणि पाणीही अधिक काळ चांगले राहते.

मोकळ्या तळाचे गुणदोष

वाळू नसली की खाद्याचा प्रत्येक उरलेला कण दृष्टीस पडतो. खाद्य जास्त पडले हे पाळणाऱ्यास तत्काळ कळते आणि नळीने तळ साफ करण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. ज्यांना पिले वाढवावयाची आहेत त्यांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. आजारी मासा, मेलेले पिल्लू किंवा बुरशी आलेले खाद्य लपून राहत नाही.

परंतु मोकळ्या तळाचे दोन तोटेही ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला असा की, वाळूच्या कणांवर वाढणारे उपकारक जिवाणू येथे कमी राहतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो. हे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही माशांस अल्प प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. दुसरा तोटा असा की, उघड्या काचेत प्रतिबिंब पडल्याने मासे बुजतात व त्यांचा रंग फिका पडतो. पहिल्या अडचणीवर स्पंजचा गाळक आणि जिवंत वनस्पती हा उपाय आहे. दुसरीवर उपाय म्हणजे टाकीच्या तळाखाली बाहेरून काळा कागद लावणे व आत माशांस आडोसा देणे.

टाकी व तिची जागा

घरगुती कामास ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच अशी टाकी सोईची पडते. तीत २५ सेंमी. उंचीपर्यंत पाणी भरल्यास ते ४५ लिटर होते. या पाण्याचे वजनच ४५ किलो भरते, म्हणून टाकी मजबूत व समपातळीच्या बैठकीवर ठेवावी. खाली थर्मोकोलचा तुकडा पसरल्यास तळकाचेस तडा जाण्याचे भय कमी होते. काळा कागद थर्मोकोल व काच यांच्या मधे घालावा.

खिडकीतून थेट ऊन पडेल अशा जागी टाकी ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजून ते हिरवे होते. पुढे सांगितलेल्या वनस्पतींस मंद प्रकाश पुरतो. टाकीवर ८ ते १० वॅटचा पांढरा एलईडी दिवा रोज आठ तास लावावा. दिवा व हवेचा पंप यांच्या तारा विजेच्या खोबणीपेक्षा खाली लोंबतील अशा सोडाव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खोबणीत शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करण्याची सवय घरातील सर्वांस लावावी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व उपकारक जिवाणू या दोहोंस मारक असते. असे पाणी पसरट भांड्यात २४ तास उघडे ठेवून मग वापरावे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. येथे सुचविलेल्या बहुतेक वनस्पतींस ते चालते.

वनस्पतींची निवड

बिनवाळूच्या टाकीसाठी वनस्पती निवडताना एकच कसोटी लावावी. ती आपले अन्न मातीतून घेते की पाण्यातून, हे पाहावे. पुढील सहा वनस्पती नवशिक्या माणसानेही लावण्याजोग्या आहेत.

जावा फर्न – ही नेच्याच्या वर्गातील वनस्पती आहे. तिचे आडवे, जाडसर खोड दगडास किंवा लाकडास चिकटून वाढते. पाने लांबट व चिवट असल्यामुळे मासे ती सहसा खात नाहीत. जुन्या पानांच्या टोकांवर लहान रोपे फुटतात. ती अलग करून नव्या दगडावर बांधता येतात.

अनुबियास – ही मूळची पश्चिम आफ्रिकेतील, अळूच्या कुळातील वनस्पती होय. पाने जाड, गर्द हिरवी व टिकाऊ असतात. वाढ अत्यंत मंद असते. त्यामुळे छाटणीचे श्रम वाचतात, परंतु तीव्र प्रकाशात पानांवर शेवाळ चढते. म्हणून ती सावलीच्या बाजूस ठेवावी.

जावा मॉस – हे शेवाळासारखे दिसणारे मॉस आग्नेय आशियातील आहे. त्यास खरी मुळे नसतात. ते दगडावर किंवा जाळीवर पातळ थरात बांधावे. त्याच्या गुंत्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि नुकत्याच जन्मलेल्या पिलांस तेथे आसरा व खाद्य दोन्ही मिळते.

सेराटोफायलम – ही वनस्पती आपल्याकडील तळ्यांतही आढळते. तिला मुळेच नसतात. पाण्यात तरंगत ती झपाट्याने वाढते व अमोनिया आणि नायट्रेट भराभर शोषून घेते. नव्या टाकीत आरंभीचे दोन महिने तिच्यासारखी सोबत नाही. जागा बदलल्यावर तिची सुईसारखी पाने काही दिवस गळतात. ती नळीने काढून टाकावी, म्हणजे झाले.

व्हॅलिसनेरिया – हिची पाने फितीसारखी लांब असतात आणि जड पाण्यात ती उत्तम वाढते. हिला मात्र मुळे रोवण्यास आधार लागतो. न झिलईची लहान मातीची कुंडी घेऊन तीत धुतलेली जाड वाळू भरावी व रोप लावावे. पाने जेथून फुटतात तो भाग वाळूत गाडला जाऊ नये. कुंडी उचलता येत असल्याने टाकीचा तळ मोकळाच राहतो.

मनीप्लँट – घरोघरी आढळणारी ही वेल टाकीच्या काठावर अडकवावी. मुळे पाण्यात व पाने पाण्याबाहेर राहतील असे पाहावे. पाने पाण्यात बुडाल्यास ती कुजतात. हवेतून कार्बन वायू मिळत असल्याने ही वेल पाण्यातील नायट्रेट चांगल्या रीतीने उचलते आणि टाकीच्या पाठीमागे हिरवा पडदाही तयार होतो.

दगडावर बांधण्याची रीत

बैठकीसाठी ओढ्यातील काळा दगड चांगला. चुनखडीचा किंवा संगमरवरी दगड पाण्याचा जडपणा वाढवितो, म्हणून तो टाळावा. शंका असल्यास दगडावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फेस आला तर त्यात चुना आहे असे समजावे. दगडाऐवजी जुन्या मंगलोरी कौलाचे तुकडेही चालतात. त्यांच्या कडा घासून बोथट कराव्यात. कोकणात सहज मिळणारी नारळाची करवंटी ही उत्तम बैठक होय. ती आतून खरवडून दोन-तीनदा पाणी बदलून उकळावी आणि पाण्यास गडद रंग येणे थांबेपर्यंत भिजत ठेवावी. कडेस एक खाच पाडून ती पालथी ठेवली की माशांस लपण्यास घरही मिळते.

जावा फर्न व अनुबियास यांचे आडवे खोड दगडावर ठेवून सुती दोऱ्याने दोन ठिकाणी बेताने बांधावे. दोरा इतका आवळू नये की खोड कापले जाईल. काही आठवड्यांनी मुळे दगडास धरतात आणि दोरा कुजून गळतो. मुळे धरण्यापूर्वी दोरा तुटल्यास पुन्हा बांधावे. मॉस दगडास घट्ट धरत नाही, म्हणून ते बारीक नायलॉनच्या धाग्याने बांधावे.

येथे एक चूक वारंवार होते. शेतात रोप लावण्याची सवय असलेला माणूस या वनस्पतीही कुंडीत पुरतो. जावा फर्न व अनुबियास यांचे खोड वाळूत गाडले गेल्यास ते मऊ पडून कुजते आणि सारे रोप हातचे जाते. मुळे कोठेही गेली तरी चालतील. खोड मात्र उघड्या पाण्यातच राहिले पाहिजे.

उंच कुंड्या मागच्या बाजूस, फर्न मधे व अनुबियास पुढे अशी मांडणी करावी. सर्व बैठका मिळून तळाचा तिसरा हिस्साच व्यापावा आणि पुढची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे साफसफाईस अडथळा येत नाही.

नवी रोपे टाकीत घालण्यापूर्वी

दुकानातून किंवा तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर गोगलगाई, जळवा व चतुराच्या अळ्या येतात. चतुराची एक अळी अनेक पिले फस्त करू शकते. यास्तव प्रत्येक रोप वाहत्या पाण्यात धुऊन पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात दहा मिनिटे ठेवावे. १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट १ लिटर पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर द्रावण प्रत्येक लिटर पाण्यास घ्यावे. त्यानंतर रोपे स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवावीत. गोगलगाईंची अंडी या उपचारानेही वाचू शकतात. पानांखाली चिकट, पारदर्शक ठिपके दिसल्यास ते बोटाने पुसून काढावेत.

या कामी वापरावयाच्या बादल्या, मग व नळ्या स्वतंत्र असाव्यात. फवारणीच्या औषधासाठी वापरलेली बादली कितीही धुतली तरी टाकीसाठी घेऊ नये. डास व पिकावरील किडी मारण्यासाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माशांस अत्यंत घातक असतात. शेतात फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हात घालू नये.

मासे सोडण्याची घाई नको

मांडणी पूर्ण होऊन वनस्पती लावल्यावर स्पंजचा गाळक हवेच्या पंपास जोडून अखंड चालू ठेवावा. उपकारक जिवाणू या स्पंजवरच वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी वाढण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात दोन-तीनच गप्पी मासे सोडून त्यांस अगदी थोडे खाद्य द्यावे आणि दर तीन-चार दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलावे. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचा संच मिळाल्यास दोन्ही शून्यावर आल्याची खात्री करून मगच माशांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवावी. ४५ लिटर पाण्यात आठ ते दहा गप्पी मासे पुरेत.

महाराष्ट्रात डासांच्या निर्मूलनासाठी वापरले जाणारे गप्पी मासे ग्रामीण वाचकांस परिचित आहेत. त्यांच्या रंगीत जाती या टाकीस योग्य आहेत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. मादी साधारणपणे चार आठवड्यांच्या अंतराने पिलांस जन्म देते, परंतु भुकेली मादी स्वतःचीच पिले खाते. उघड्या टाकीत क्वचितच एखादे पिल्लू वाचते. मॉसचा दाट गुंता व तरंगते सेराटोफायलम असल्यास पुष्कळ पिले तग धरतात. विक्रीसाठी मासे वाढविणाऱ्या कुटुंबास वनस्पतीचे खरे मोल येथे कळते. गोल्डफिश मात्र या आकाराच्या टाकीत ठेवू नयेत. ते मोठे होतात, पाणी फार घाण करतात आणि कोवळ्या वनस्पती खाऊन टाकतात.

नित्याची निगा

रोज – दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य एक किंवा दोन वेळा द्यावे. मासे नीट पोहतात की नाहीत, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात काय, हे पाहावे.

दर आठवड्यास – ८ ते १० मिमी. व्यासाची नळी पाण्याने भरून घेऊन तळावरील घाण ओढून काढावी. नळी तोंडाने ओढू नये. अशा रीतीने ११ ते १५ लिटर पाणी काढून तेवढेच मुरविलेले पाणी सावकाश भरावे. काढलेले पाणी फेकून देऊ नये. तुळस, फुलझाडे व परसातील भाजीस ते उपयुक्त असते. टाकीत मीठ किंवा औषध घातले असल्यास मात्र ते झाडांस घालू नये.

दर महिन्यास – गाळकाचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळून घ्यावा. नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे जिवाणू मरतात आणि स्वच्छतेच्या हेतूने केलेले काम माशांच्या जिवावर बेतते. वाढलेले सेराटोफायलम व मॉस कापून विरळ करावे. वनस्पती रात्री प्राणवायू घेतात आणि तापलेल्या पाण्यात तो मुळातच कमी असतो. म्हणून उन्हाळ्यात गर्दी होऊ देऊ नये व हवेचा पंप रात्रीही चालू ठेवावा.

शेतकऱ्याच्या हाती खत असतेच. परंतु युरिया किंवा डीएपी चिमूटभरही टाकीत घालू नये. त्यांतून पाण्यात अमोनिया वाढतो व मासे मरतात. माशांच्या मलमूत्रातून या वनस्पतींस पुरेसे नत्र व स्फुरद मिळते.

लक्षणे व त्यांचा अर्थ

जावा फर्नच्या पानांखाली ओळीने तपकिरी-काळे ठिपके दिसल्यास तो रोग समजू नये. ती नेच्याची बीजाणुधानी होय. अशी निरोगी पाने रोगट समजून तोडली जातात.

नव्याने आणलेल्या रोपाची जुनी पाने विरघळू लागल्यास घाबरू नये. पुष्कळ रोपे विक्रीपूर्वी पाण्याबाहेर वाढविलेली असतात. खोड टणक असेल तर काही आठवड्यांत पाण्यास योग्य अशी नवी पाने फुटतात. खोड मऊ व दुर्गंधीयुक्त असेल तर तेवढा भाग धारदार पात्याने कापून टाकावा.

काचेवर व पानांवर हिरवे शेवाळ वाढल्यास दिव्याचा काळ सहा तासांवर आणावा आणि खाद्य कमी करावे. शेवाळनाशक औषध घालण्याची घाई करू नये.

सर्व मासे सकाळी पृष्ठभागावर आलेले आढळल्यास तत्काळ एक तृतीयांश पाणी बदलावे, हवा वाढवावी व त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.

छाटलेल्या वनस्पतींची विल्हेवाट

टाकीतून काढलेल्या वनस्पती ओढ्यात, नदीत अगर पाझर तलावात टाकू नयेत. परदेशातून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्या व तळी कशी व्यापली आहेत हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील असून तिच्या सुंदर फुलांमुळेच ती देशोदेशी नेली गेली. टाकीतील वनस्पतीचा बोटभर तुकडाही नव्या जागी वाढू शकतो. म्हणून छाटणी उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात घालावी. नको असलेले मासेही नैसर्गिक पाण्यात सोडू नयेत. ते दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत.

समारोप

वरील रीतीने लावलेली टाकी पहिल्या दिवशी फारशी भरगच्च दिसणार नाही. चार दगडांवर बांधलेली लहान रोपे, दोन कुंड्या व काठावरची वेल एवढेच तीत असेल. परंतु तीत जे आहे ते जिवंत आहे व वाढणारे आहे. अनुबियासचे खोड लांबल्यावर तीन-चार पानांसहित तुकडा कापला की दुसऱ्या टाकीचे रोप तयार होते. मॉसच्या मूठभर गुंत्यातून अनेक दगड झाकले जातात. अशा रीतीने पुढील टाक्यांसाठी रोपांचा खर्च उरत नाही.

हा व्यवसाय वाढविण्याची इच्छा असणाऱ्यांनी प्रथम एक टाकी सहा महिने यशस्वीपणे सांभाळून दाखवावी आणि मगच जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे योजनांची चौकशी करावी. ज्या घरी एका टाकीचा तळ स्वच्छ राहतो आणि पिले वाचतात, त्या घरी दहा टाक्याही नांदू शकतात.